लोणार : सरोवराचा इतिहास आणि गावाचा

लोणारवर मराठीत जे काही छापून येते, त्यात एक वाक्य हमखास सापडते : १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने हे सरोवर शोधून काढले. स्मरणिका, पर्यटन-पुस्तिका, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, सगळीकडे तेच वाक्य, एकमेकांवरून उतरवलेले. सनाबद्दल माझी तक्रार नाही. युरोपीय लेखनात या तळ्याची नोंद तेव्हापासून होऊ लागली, एवढाच त्याचा अर्थ. तक्रार आहे ती ‘शोधून काढले’ या क्रियापदाबद्दल. काठावर नांदते गाव, आत-बाहेर मंदिरांची दाटी, खारावर उभा असलेला व्यापार. असे तळे हरवले होते कधी?

लीळाचरित्रात कान्हरदेव यादव चक्रधरस्वामींच्या भेटीला येतो, तो प्रसंग लोणारचा. म्हणजे तेराव्या शतकाच्या मध्यास हे गाव राजाची पायधूळ झाडण्याइतके मोठे होते. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन केले, त्यात मेहकर सरकारातल्या लोणारला त्याने चांगली जागा दिली आहे. ब्राह्मण या स्थळाला विष्णुगया म्हणतात, हे त्याला ठाऊक आहे. काठावरच्या झऱ्याचे कोरीव मुख त्याने टिपले आहे. पण त्याची नजर खरी स्थिरावते ती दुसरीकडे. काच आणि साबण यांना लागणारे द्रव्य या तळ्यात मिळते, सोरा निघतो आणि त्यातून सरकारला बऱ्यापैकी उत्पन्न होते, हे तो आवर्जून सांगतो. जॅरेटच्या इंग्रजी भाषांतरात हा मजकूर परिच्छेदभरही नाही. तरी लोणारवर लिहिलेले इतके जिवंत गद्य मला क्वचितच आढळले. देव, पाणी आणि पैसा तिन्ही एका दमात आले आहेत, आणि कोणी कोणाला झाकलेले नाही.

आपल्या पुस्तिकांत हे तिन्ही एकत्र येत नाही. तिथे दोनच काळ असतात. एक लवणासुराचा : विष्णूने दैत्याला मारले, त्याच्या रक्ताचे खारे पाणी झाले. दुसरा उल्केचा. हा दुसरा काळ कष्टाने सिद्ध झालेला आहे. ज्वालामुखी की उल्का हा वाद दीर्घकाळ चालला. अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट याने १८९६ मध्ये ॲरिझोनाच्या विवराची चर्चा करताना लोणारची आठवण काढली होती, आणि १९७३ मध्ये फ्रेड्रिकसन व सहकाऱ्यांच्या ‘सायन्स’मधील निबंधानंतर बसाल्टवरचे आघातविवर म्हणून लोणारची ओळख पक्की झाली. वय मात्र पुढेही बदलत राहिले. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे निघाले होते. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. दोन आकड्यांत दहापटीहून जास्त अंतर आहे. आमच्या पुस्तिकांत अजूनही ‘पन्नास हजार वर्षांपूर्वी’ असेच छापले जाते आणि त्याने कोणाचे काही अडत नाही. कारण तिथे आकडा माहिती म्हणून येतच नाही, माहात्म्य म्हणून येतो. पुराणातला दैत्य गेला, त्याच्या जागी आकाशातला धोंडा आला. लिहिण्याची तऱ्हा तीच राहिली. या दोन अद्भुतांच्या मधल्या सातशे-आठशे वर्षांत माणसे इथे काय करत होती, हे विचारायला पुस्तिकेत पानच उरत नाही.

ती माणसे खार काढत होती. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर पांढरा थर धरायचा, तो गोळा व्हायचा, प्रतवारी व्हायची. लाटूश आणि ख्रिस्ती यांनी १९१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी लोणारच्या भूरचनेबरोबर या सोड्याच्या साठ्यावरही लिहिले. इंग्रजी नोंदींत खाराच्या जातींची नावे येतात : डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. ही नावे एखाद्या रसायनतज्ज्ञाने ठेवलेली नाहीत. गुडघाभर चिखलात उभे राहून खार उपसणाऱ्यांनी आणि तो तोलून घेणाऱ्यांनी ती ठेवली. ढेकूळ कोणते, पापुद्रा कोणता, भुसा कोणता, हे हाताला कळत होते म्हणून पाच नावे झाली. मराठीत त्या काळी ती कोणी लिहून ठेवली असती, तर आज रोमन स्पेलिंगवरून ‘खुपल’ की ‘खुप्पल’ असा तर्क करत बसावे लागले नसते. ज्या खारामुळे गावाला लोणार म्हणायचे, त्याची परिभाषा आपल्याला परकीय लिपीतून उलटी उतरवून घ्यावी लागते.

याचा दोष एकट्या गॅझेटिअरांना देण्यात अर्थ नाही. लायलचे वऱ्हाड गॅझेटिअर १८७० चे, नेल्सनचे बुलढाण्याचे १९१० चे. दोन्ही कारभारासाठी लिहिलेली आणि त्या कामापुरती चोख. प्रश्न आपल्या वापराचा आहे. आपण गॅझेटिअरातली आख्यायिका आणि मंदिराचे वर्णन उचलतो, महसुलाचे व पिकांचे तक्ते सोडून देतो. यादव माधव काळे यांनी १९२४ मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला, तेव्हा एकट्या माणसाने केवढी सामग्री जुळवली! पण त्यांचा आवाका प्रांताचा होता. गाव त्यात येते ते कोणाच्या तरी स्वारीच्या वाटेवर.

मग गावाचा इतिहास कसा लिहावा? मला वाटते नमुना आपल्या घरातच आहे. चौदाव्या शतकातली महानुभावांची स्थानपोथी. आमच्याच जिल्ह्यातल्या नारवेलचे वि. भि. कोलते यांनी ती संपादित केली. वाङ्मय म्हणून तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, कारण ती वाचायला रुक्ष आहे. स्वामींचे अवस्थान कुठे होते, देऊळ कोणत्या तोंडाचे, दार कुठे, त्याच्या कोणत्या अंगाला काय, अशा नोंदीमागून नोंदी. पण लिहिणाऱ्याला एक धाक आहे : जागा विसरली गेली, तर नमस्कार कुठे करायचा? म्हणून तो विशेषणे लावत नाही, दिशा सांगतो. आज एखादे देऊळ पडून गेले तरी पोथी हातात घेऊन त्याचा माग काढता येतो. श्रद्धेपोटी केलेले हे काम कित्येक संशोधनांपेक्षा काटेकोर उतरले आहे.

लोणारला अशी पोथी हवी. धारेपासून खाली कमळजेच्या देवळापर्यंतची वाट, रामगया, सीता न्हाणी, पापहरेश्वर यांची नावे सगळ्या पुस्तिकांत आहेत. दैत्यसूदनाच्या मंदिरावर तर कलेचे अभ्यासक पुष्कळ लिहून गेले. पण खार कोणत्या काठाला काढत, कोणत्या वाटेने वर आणत, बैल कुठे बांधत, बाजार कोणत्या वाराला आणि कोणत्या वेशीजवळ भरे, धारेचे पाणी कोणाला चाले आणि कोणाला चालू दिले जात नसे? हा शेवटचा प्रश्न स्मरणिकेत कधीच येत नाही. तीर्थाचे पावित्र्य सांगणाऱ्याने पाण्याचा हा हिशोबही मांडला पाहिजे.

साधने नाहीत असे नाही. आमच्या गावांत सर्वात जास्त धुंडाळले जाणारे दप्तर म्हणजे कोतवाल बुक. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबाची जन्मनोंद हवी म्हणून लोक तहसिलीत खेटे घालतात, नक्कल मिळाली की ती फायलीत जाते. त्याच पानावर शेजारपाजारच्या घरांतले जन्म आणि मृत्यू, साथीच्या वर्षी एकाखाली एक आलेली नावे असतात. ती कोणी वाचत नाही. शाळेचे जुने दाखलखारीज रजिस्टर, पेरेपत्रके, कोणाच्या माळ्यावरचा मोडी रुमाल, तशीच गोष्ट. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या थेट अमलाखाली होते, त्यामुळे फारसी-उर्दू कागद वाचता आल्याशिवाय हे काम अर्धेच राहणार. गावातले एखादे मौलवी आणि एखादे मोडी जाणणारे गुरुजी एका सतरंजीवर बसले, तर विद्यापीठाची वाट पाहावी लागणार नाही.

घाई एवढ्यासाठी की सरोवराची व्यवस्था लागली आहे. भूवैज्ञानिक वारसास्थळ, अभयारण्य, २०२० च्या नोव्हेंबरात रामसर यादी. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा नमुने तपासले गेले, क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे रंग आला हे कळले, जगभर छायाचित्रे गेली. हे सारे हवेच होते. परंतु संरक्षणाच्या कागदांत काठावरचे गाव बहुधा एकाच रूपात येते : सांडपाणी, अतिक्रमण, गुरे, सरपण. ज्यांच्या वाडवडिलांना तळ्याच्या खाराच्या पाच जाती हाताने ओळखता येत, ते आता तळ्याला होणारा उपद्रव म्हणून नोंदले जातात. त्यांच्याकडे दाखवायला लिहिलेला इतिहास नाही, म्हणून हे सहज घडते.

सुरुवात लहान करता येईल. सत्तरी ओलांडलेल्यांना घेऊन काठाने एक फेरी, हातात गावाचा नकाशा, प्रत्येक जागेला त्यांच्या तोंडचे नाव, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख. दोघांनी एकाच जागेची दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहायची. त्याची छापील प्रत ग्रामीण ग्रंथालयात, एक शाळेत, एक कमळजेच्या नवरात्रात यात्रेकरूंच्या हाती. समासात दुरुस्त्या करायला भरपूर कोरी जागा सोडून.