विद्यापीठाचा उंबरठा आणि मूलनिवासी विद्यार्थी : ‘संक्रमण’ या कल्पनेची चिकित्सा

उच्च शिक्षणातील गळतीविषयी गेल्या अर्धशतकात जे लेखन झाले, त्यात अमेरिकन अभ्यासक विन्सेंट टिंटो यांच्या मांडणीचा आधार फार मोठ्या प्रमाणावर घेतला गेला. विद्यार्थी विद्यापीठ अर्धवट का सोडतात, या प्रश्नाला टिंटोंनी १९७५ मध्ये जे उत्तर दिले त्याचा पाया एमिल दुर्खीम यांच्या आत्महत्येवरील १८९७ च्या ग्रंथात होता. व्यक्ती समाजात मिसळली नाही की ती समाजातून निघून जाते. त्याचप्रमाणे विद्यार्थी विद्यापीठाच्या अभ्यासजीवनात आणि सामाजिक जीवनात मिसळला नाही की तो विद्यापीठ सोडतो, असा हा युक्तिवाद. पुढे १९८७ च्या ‘लीव्हिंग कॉलेज’ या पुस्तकात त्यांनी आर्नोल्ड व्हान गेनेप यांच्या संस्कारविधींच्या विवेचनातून (१९०९) तीन टप्पे उचलले : जुन्या समूहापासून वियोग, मधले संक्रमण आणि नव्या समूहात समावेश. नवख्या विद्यार्थ्यांसाठी आज चालणारे परिचयवर्ग, पूर्वतयारीचे अभ्यासक्रम, समुपदेशन यांपैकी बऱ्याच उपक्रमांच्या मुळाशी कळत-नकळत हीच त्रिपदी असते.

मध्यमवर्गीय गोऱ्या कुटुंबातून निघून वसतिगृहात राहायला जाणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला ही मांडणी बऱ्यापैकी लागू पडते. त्याचे आईवडील स्वतः त्याच वाटेने गेलेले असतात. नावाहो किंवा क्री जमातीच्या मुलीला ती लागू करायला गेले की तिची शिवण उसवते.

ही शिवण नेमकी कुठे कच्ची आहे, हे विल्यम टियर्नी यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले. त्यांचा आक्षेप साधा, पण मूलगामी आहे. व्हान गेनेप ज्या विधींविषयी लिहितात ते एकाच संस्कृतीच्या आत घडतात. या नियतकालिकाच्या वाचकांना त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मुलाची बिस्मिल्ला होते, पुढे निकाह होतो. त्याचे स्थान प्रत्येक वेळी बदलते, पण विधी करणारे, पाहणारे आणि नंतर त्याला सामावून घेणारे लोक त्याचेच असतात. बिस्मिल्ला करावी की नाही, असा पर्यायही त्याच्यापुढे नसतो. विद्यापीठात येणाऱ्या मूलनिवासी विद्यार्थ्याचे तसे नाही. विधी परक्यांचा, भाषा परक्यांची, आणि पहिला टप्पा म्हणजे आपल्या माणसांपासून वियोग. अशा ठिकाणी ‘समावेश’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ सात्मीकरण असाच होतो. जो असा वियोग पत्करत नाही तो सिद्धांताच्या भाषेत ‘न मिसळलेला’ ठरतो आणि दोष त्याच्या पदरात पडतो.

टियर्नी अतिशयोक्ती करतात असे कोणास वाटले, तर त्याने इतिहासाकडे पाहावे. अमेरिकेत १८७९ साली पेनसिल्व्हेनियात सुरू झालेल्या कार्लाईलच्या निवासी शाळेत मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात, मातृभाषा बोलण्यास बंदी असे. कॅनडाच्या १८७६ च्या ‘इंडियन अ‍ॅक्ट’मध्ये तर अशी तरतूद होती की विद्यापीठाची पदवी मिळवणारा, वकील किंवा धर्मोपदेशक होणारा मूलनिवासी त्या कारणानेच कायद्याच्या दृष्टीने ‘इंडियन’ राहत नसे. पदवी मिळवणे आणि आपल्या लोकांतून उठून जाणे ही एकच गोष्ट होती, आणि ती सरकारने कायद्याच्या कलमात लिहून ठेवली होती. ही तरतूद पुढे बदलली. परंतु ज्या घरांमध्ये ‘शिक्षणासाठी वियोग’ या शब्दांना असा इतिहास आहे, तेथे मुलीच्या जाण्याबद्दल आजी कुरकुरत असेल, तर त्याला पालकांची अनास्था म्हणणे हा अभ्यासकाचा आळस आहे.

न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की टिंटोंनी १९९३ च्या सुधारित आवृत्तीत विद्यापीठाबाहेरच्या समूहांना आणि जबाबदाऱ्यांना आपल्या आराखड्यात जागा दिली. अडचण अशी की आराखड्याची पहिली आवृत्तीच प्रशासकांच्या हाती राहिली.

टिंटोंच्या मांडणीला खरा पर्याय व्हर्ना कर्कनेस आणि रे बार्नहार्ट यांच्या १९९१ च्या निबंधात सापडतो. कर्कनेस या स्वतः क्री. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मूलनिवासी शिक्षणाचे काम त्यांनी उभे केले. बार्नहार्ट अलास्कातील. आदर, प्रस्तुतता, परस्परता आणि जबाबदारी ही त्यांची चार सूत्रे बरीच गाजली. त्याहून महत्त्वाचा आहे तो त्यांनी दाखवलेला क्रियापदांतील फरक. विद्यापीठ म्हणते, विद्यार्थी आमच्याकडे ‘येतो’; विद्यार्थी म्हणतो, मी विद्यापीठाला ‘जातो’. येणाऱ्याने घराच्या रीतीप्रमाणे वागावे अशी यजमानाची अपेक्षा असते. जाणारा मात्र काही तरी आणण्यासाठी जातो आणि परतीचा रस्ता लक्षात ठेवतो. मराठीत हा फरक इंग्रजीपेक्षाही चटकन कळावा.

कर्कनेस यांच्या विद्यापीठात या विचाराला प्रत्यक्ष रूप मिळालेले दिसते. मूलनिवासी शिक्षक घडवण्यासाठी तेथे १९७४ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात विद्यार्थी पहिली काही वर्षे आपल्या वस्त्यांच्या जवळच्या केंद्रांत शिकत आणि मगच व्हँकुव्हरला येत. १९९३ मध्ये विद्यापीठाच्या आवारात त्यांच्यासाठी पारंपरिक धर्तीचे लाकडी ‘लाँगहाउस’ उघडले. त्याच्या शेजारच्या ग्रंथालयातील मांडणी तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या वर्गीकरणात या जमातींची पुस्तके प्रामुख्याने अमेरिकेच्या इतिहासात पडतात, म्हणजे जिवंत माणसे भूतकाळाच्या कपाटात. येथे मात्र मोहॉक ग्रंथपाल ब्रायन डियर यांनी १९७० च्या दशकात तयार केलेल्या पद्धतीवर आधारित मांडणी आहे. तीत ज्या जमाती भूगोलाने शेजारी, त्यांची पुस्तकेही शेजारी. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ग्रंथालयात शिरून आपले लोक कुठे ठेवले आहेत हे पाहतो, तेव्हा विद्यापीठाने त्याच्याविषयी काय ठरवले आहे, याचे उत्तर त्याला मिळते. तासाभराच्या परिचयवर्गाने ते पुसता येत नाही.

कोल्हापूर-बेळगावच्या पट्ट्यात ही कल्पना अगदीच अपरिचित नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार आणि धर्मवार वसतिगृहांना आश्रय दिला. १९०६ चे मुस्लिम बोर्डिंग त्यांतलेच. शहरात शिकायला आलेल्या मुलाला आपल्या माणसांत राहून परक्या विद्येशी भिडता यावे, हे त्यामागचे तारतम्य होते. अशा वसतिगृहांनी मुले एकमेकांपासून दुरावतात हा आक्षेप तेव्हापासून आहे आणि तो पूर्ण खोटा नाही. पण ती नसती तर त्यांतली किती मुले कोल्हापुरात टिकली असती, हेही विचारावे लागते.

तथापि कर्कनेस-बार्नहार्ट यांची बाजूही बिनशर्त मान्य करता येत नाही. त्यांच्या चार सूत्रांत पहिल्या सत्राच्या रसायनशास्त्राचे काय करावे, याचे उत्तर नाही. या बाबतीत ऑस्ट्रेलियातील मार्टिन नकाता यांचा आवाज वेगळा आणि उपयुक्त आहे. टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरील समाजातून पीएच.डी. मिळवणारे ते पहिले. त्यांचे म्हणणे असे की संस्कृतीचा गौरव करण्याच्या नादात शिक्षणतज्ज्ञांनी बेटांवरील लोकांची जुनी मागणीच बाजूला सारली. लोक इंग्रजी मागत होते, बाहेरच्या जगाचे ज्ञान मागत होते. आपल्याला कोण, कसे बांधून ठेवते हे त्यांना समजून घ्यायचे होते. नकाता यांना मूलनिवासी विद्यार्थी दोन ज्ञानपरंपरांच्या मधल्या अवघड जागेत उभा दिसतो. ती जागा त्याने सोडून कुठे जायचे नसते. तेथूनच त्याने पाश्चात्य विद्याशाखा कसून वाचायच्या, आणि त्या आपल्याविषयी काय लिहितात हेही तपासायचे. यात लाड नाहीत. लेखनाचा सराव, गणिताची उजळणी, संदर्भ देण्याची शिस्त हे सगळे लागतेच. फक्त त्यासाठी घर विसरण्याची अट नाही. तिघांच्या मांडण्यांत हीच अधिक टिकाऊ वाटते, कारण ती विद्यार्थ्याला दुबळाही मानत नाही आणि पवित्रही मानत नाही.

यशापयश मोजण्याच्या पद्धतीत मात्र टिंटोंचा जुना आराखडा अजून ठाण मांडून आहे. नावाहो जमातीने १९६८ मध्ये स्वतःचे महाविद्यालय काढले. आज ते दिने कॉलेज म्हणून ओळखले जाते. अमेरिकेत जमातींच्या ताब्यातील अशी तीसहून अधिक महाविद्यालये आहेत. तेथे मुले सांभाळून शिकणाऱ्या, वयाने मोठ्या, अर्धवेळ विद्यार्थिनी पुष्कळ असतात. घरी कोणी आजारी पडले, मयत झाली, की त्या जातात. सवड झाली की परततात. परंतु अमेरिकेत १९९० च्या कायद्यान्वये प्रसिद्ध होणारा पदवीपूर्तीचा दर पहिल्यांदाच आणि पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्यांचाच धरतात, आणि तोही अभ्यासक्रमाच्या दीडपट मुदतीपुरता. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तीन वर्षे. आईच्या आजारपणात घरी गेलेली आणि पाचव्या वर्षी परत येऊन पदवी घेतलेली विद्यार्थिनी त्या तक्त्यात उत्तीर्ण म्हणून कधीच येत नाही.