अयुत मोडताना

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) बेरीज-वजाबाकीचे एक छोटेसे उदाहरण आहे. २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज कर आणि ती अयुतातून, म्हणजे दहा हजारांतून, वजा कर, असे ते लीलावतीला सांगतात. बेरीज ३६० येते. वजाबाकी मात्र लगेच अडते, आणि उदाहरणाची गोडी त्या अडण्यातच आहे.

एककात शून्यातून शून्य गेले. दशकात शून्यातून ६ जाईनात. शेजारच्या शतकाकडे मागावे तर तेही रिकामे, हजारही रिकामे. शेवटी अयुतच मोडावे लागते: त्याचे १० हजार, त्यांतल्या एका हजाराची १० शतके, त्यांतल्या एका शतकाचे १० दशक. आता मांडणी झाली ९ हजार, ९ शतके, १० दशक. रक्कम तीच. आता १० दशकांतून ६ आणि ९ शतकांतून ३ सहज जातात; उत्तर ९६४०. जिंतूरच्या एखाद्या वर्गात ‘मोठ्यातून लहान’ एवढेच धरून ६ आणि ३ तसेच खाली उतरवले, तर १०३६० येतील. वजा करूनही रक्कम वाढलेली!

भास्कराचार्यांचे सूत्र मोजके आहे: स्थानानुसार अंक घ्यावेत, मग क्रमाने करा वा उलट क्रमाने. मोडायचे कसे, ते सूत्रात नाही. ते उदाहरण शिकवते.

पुढे १३५ ला १२ ने गुणायला सांगून तोच गुणाकार, १६२०, पुन्हा १२ ने भागायला दिला आहे. हजार एकच, तो बारा जणांत वाटता येत नाही, म्हणून तो मोडून, वरची ६ धरून, १६ शतके करायची. प्रत्येकी १ देऊन ४ उरतात. त्यांचे ४० दशक, वरचे २ धरून ४२. प्रत्येकी ३, उरले ६. त्यांचे ६० एकक, प्रत्येकी ५. वजाबाकीत कमी पडले म्हणून मोडले, भागाकारात उरले म्हणून.

मोड दहाचीच हवी असेही नाही. निजामाच्या अमलातल्या जिंतुरात ५ रुपयांतून २ रुपये ७ आणे द्यायचे, तर एका रुपयाचे १६ आणे करावे लागत. उरत २ रुपये ९ आणे.

‘लीलावती’तल्या दोन्ही उदाहरणांचा ताळाही सोपा. ९६४० मध्ये ३६० मिळवा, १३५ ला १२ ने गुणा. मोडताना काही सांडले नाही, हे मुलाला कुणी सांगावे लागत नाही.