‘सुप्त कलागुणांना वाव’ म्हणजे नेमकं काय?

आज सुरुवात एका निमंत्रणपत्रिकेपासून करू या. शाळेच्या स्नेहसंमेलनाची, कॉलेजच्या गॅदरिंगची, नाहीतर एखाद्या युवक महोत्सवाची पत्रिका आपल्या घरी कधी ना कधी आलेली असते. तिच्यावर एक वाक्य हमखास असतं : विद्यार्थ्यांच्या सुप्त कलागुणांना वाव मिळावा म्हणून हा कार्यक्रम योजला आहे. आम्ही चौतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. त्यातली अकरा वर्षं कॉलेजच्या कला मंडळाचं कामही आमच्या गळ्यात होतं. त्या काळात हे वाक्य आम्ही स्वतःच्या हातानं किती वेळा लिहिलं, याची गणती नाही. आणि त्याच काळात, शेजारच्या वर्गात, आम्ही मुलांना बजावत होतो की शब्द वापरण्याआधी त्याचा अर्थ तपासून घ्या. (हशा) तर तो तपास आज करायचा आहे. उशीर झाला आहे, पण करायचा आहे.

पहिला शब्द घ्या, ‘सुप्त’. गुण सुप्त आहेत म्हणजे आत झोपलेले आहेत. म्हणजे ते आधीच तयार आहेत, फक्त जागं करायचं बाकी आहे. आपल्या दर्शनांमध्ये यावर मोठा वाद झालेला आहे. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीपासून असतंच. तिळात तेल असतं म्हणून ते निघतं, वाळूतून निघत नाही. हा सत्कार्यवाद. नैयायिक म्हणतात, तसं नाही. घट हा मातीत आधी नव्हता. माती होती, चाक होतं, कुंभार होता, त्याचे हात होते, तेव्हा घट नव्यानं उत्पन्न झाला. हा असत्कार्यवाद. आपल्या पत्रिका लिहिणारी सगळी मंडळी नकळत सांख्य असतात! त्यांच्या लेखी मूल म्हणजे तीळ आणि कार्यक्रम म्हणजे घाणा. एक संध्याकाळ फिरवला की तेल निघालं. निघालं नाही, तर तिळातच नव्हतं, असं म्हणून आपण मोकळे.

या मोकळं होण्यातच खरी अडचण आहे. ‘त्याच्यात नव्हतंच’ हे वाक्य फार सोयीचं असतं. ते बोललं की शिक्षकाची, संस्थेची, परीक्षकाची, कोणाचीच जबाबदारी उरत नाही.

काव्यशास्त्रात याहून शहाणं उत्तर आहे. मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त काव्याच्या निर्मितीला तीन गोष्टी लागतात असं सांगितलं. शक्ती, म्हणजे जन्मजात प्रतिभा. निपुणता, म्हणजे जग आणि ग्रंथ पाहून आलेली जाण. आणि अभ्यास. पण त्याचा बारकावा पुढे आहे. तो म्हणतो, हे तीन वेगवेगळे हेतू नव्हेत. तिन्ही मिळून एकच हेतू होतो. म्हणजे शक्ती भरपूर आहे म्हणून अभ्यासाला सुट्टी, असं चालत नाही. आणि अभ्यास म्हणजे एकट्यानं घोकणं नव्हे. ज्यांना काव्य कळतं त्यांच्या शिकवणीखाली केलेला, तो अभ्यास. आता आपल्या पत्रिकेकडे परत या. शक्तीचा उल्लेख तिच्यात आहे. निपुणता आणि अभ्यास कुठे आहेत?

आमचं उत्तर असं, की ते तालमीच्या खोलीत आहेत. पण पत्रिकेवर त्या खोलीचा पत्ता कधीच छापला जात नाही.

इथे एक खरं उदाहरण घेऊ. पुण्यात 1963 पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते. भरत नाट्य मंदिराच्या बाहेर पोरांचा तो ‘आव्वाज कुणाचा’ ऐकला नाही, असा पुण्यातला नाटकवेडा सापडायचा नाही. या स्पर्धेचं आम्हांला नेहमी कौतुक वाटत आलं ते तिच्या कंजूषपणाचं. तासाभराची मर्यादा. भर लेखनावर, दिग्दर्शनावर, अभिनयावर. झगमगाटाला किंमत नाही. पैसेवाल्या कॉलेजनं तीन मजली नेपथ्य आणलं म्हणून तिथे काही फरक पडत नाही. एक रिकामा रंगमंच आणि त्यावर माणसं. यामुळे होतं काय, की मुलांना तालीम करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. जून-जुलैपासून रोज चार तास एकमेकांसमोर उभं राहायचं, वाक्य चुकायचं, परत म्हणायचं. आपलं पात्र मेल्यावरही विंगेत थांबून दुसऱ्याची एंट्री सांभाळायची. जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर ही मंडळी कॉलेजच्या एकांकिकांच्याच मुशीतून आली. यातले पहिले दोघे पेशानं डॉक्टर, आळेकर जीवरसायनशास्त्राचे. 16 डिसेंबर 1972 ला ‘घाशीराम कोतवाल’ पहिल्यांदा उभं राहिलं, त्यामागे अशा पोटापाण्याला दुसरं काही करणाऱ्या माणसांची तालमीची सवय होती. सवय हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो आहोत. ॲरिस्टॉटल म्हणतो की, सद्गुण आपल्यात निसर्गतः तयार नसतात. वीणा वाजवूनच वीणावादक होतो, तसं ते करून करून अंगी येतात.

पण हाच ॲरिस्टॉटल आपल्याला अडवतो सुद्धा. ‘राज्यशास्त्रा’च्या आठव्या भागात तो मुलांना संगीत शिकवावं असं म्हणतो, आणि लगेच सांगतो की स्पर्धेसाठी शिकवू नये. का? कारण स्पर्धेत उतरलेला माणूस स्वतः चांगला व्हावा म्हणून वाजवत नाही. ऐकणाऱ्याला सुख व्हावं म्हणून वाजवतो. आणि ऐकणाऱ्याची रुची जशी असेल तसा तो हळूहळू होत जातो. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. आपल्याकडे काय चाललं आहे ते बघा. यंदा कुठला विषय ‘लागतो’, गेल्या वर्षी कोणत्या शेवटाला टाळ्या आल्या, याचे हिशोब अठरा वर्षांची मुलं करतात. कित्येक कॉलेजं बाहेरून लेखक आणतात, बाहेरून दिग्दर्शक आणतात. मानधन ठरतं. मग मुलांनी काय करायचं? सांगितलेल्या जागी उभं राहायचं. करंडक कॉलेजच्या काचेच्या कपाटात जातो, आणि ज्यांच्या गुणांना वाव द्यायचा होता ती मुलं दुसऱ्याच्या कल्पनेची हमाली करून घरी जातात. दहावीला शास्त्रीय कला, लोककला, चित्रकला यांचे वाढीव गुण मिळतात. हेतू चांगला आहे, आम्ही नाकारत नाही. पण मार्च उलटला की तबल्यावर खोळ चढते ती उतरतच नाही, अशी घरं आम्ही पाहिली आहेत. आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

मग स्पर्धा बंद कराव्यात का? नाही. आम्ही त्या मताचे नाही. स्पर्धा एक मोलाची गोष्ट देते : तारीख. तारीख नसेल तर तालीम होत नाही, हे अकरा वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. (हशा) प्रश्न स्पर्धा असावी की नसावी हा नाही. स्पर्धेत निवाडा करणारा कोण आणि तो काय बोलतो, हा आहे.

इथे ॲरिस्टॉटलचे गुरू मदतीला येतात. प्लेटोच्या ‘लॉज’ या उतारवयातल्या ग्रंथात एक फार नेमका विचार आहे. तो म्हणतो की नाटकाचा परीक्षक प्रेक्षकांचा विद्यार्थी म्हणून बसलेला नसतो, शिक्षक म्हणून बसलेला असतो. लोकांच्या गलक्यानं त्यानं मत बनवायचं नाही. पुढे तो अशा समाजाचं चित्र काढतो, जिथे टाळ्या आणि आरडाओरडा यांचंच राज्य होतं. त्याला तो ‘प्रेक्षकशाही’ अशा अर्थाचा शब्द वापरतो. टीव्हीवरच्या मुलांच्या स्पर्धा आणि त्यांची एसेमेसची मतं त्यानं पाहिली असती, तर त्याला नवीन शब्द शोधावा लागला नसता.

आणि आता 2022 आठवा. त्या वर्षी पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. एकही एकांकिका करंडकाच्या पात्रतेची नाही, असं त्यांनी ठरवलं. केवढा गदारोळ झाला! एक बाजू म्हणाली, दर्जाची चाड असलेले परीक्षक अजून आहेत, बरं झालं. दुसरी म्हणाली, करोनाच्या दोन वर्षांत ज्यांना रंगमंच दिसला नाही अशा पोरांच्या उमेदीवर तुम्ही पाणी ओतलंत. आम्हांला त्या वेळी दोन-तीन जणांनी विचारलं, तुम्ही कोणत्या बाजूला? 

प्लेटोच्या कसोटीवर पहिली बाजू टिकते. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नसलेला परीक्षक हा परीक्षक नसतो, वाटप करणारा असतो. पण त्या कसोटीचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. तो शिक्षक म्हणून बसलेला आहे! शिक्षक शून्य देऊ शकतो. मात्र पेपर परत देताना प्रत्येक चुकीशी बसणं हे त्याचं काम असतं. त्या वादात दर्जा, उमेद, परंपरा यांवर आम्ही पुष्कळ वाचलं. पण अमुक एकांकिकेतल्या अमुक प्रवेशात नाटक कुठे निसटलं, यावर वाचायला मिळालं ते फारच थोडं. दोष एकट्या परीक्षकांचा नाही. आपल्या स्पर्धांच्या रचनेतच त्या बोलण्याला जागा नसते. निकाल, टाळ्या, फोटो, आणि दिवे बंद.

हे आम्ही वरच्या पायरीवरून बोलत नाही, म्हणून एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका युवक महोत्सवात आम्ही परीक्षक होतो. एका दिवसात 26 प्रहसनं. दुपारनंतर आमच्यापुढच्या कागदावर आकडे होते, डोक्यात काही नव्हतं. निकाल झाला, पाचसहा उत्तेजनार्थ देऊन आम्ही गाडीकडे निघालो. एक मुलगी धावत आली. चेहऱ्यावरचा रंग अजून तसाच होता. म्हणाली, “सर, आमचं काय चुकलं?” आम्ही म्हणालो, “छान होतं की गं.” ती म्हणाली, “छान तर आई पण म्हणते, सर.” 

तिचं प्रहसन कोणतं, हेच आम्हांला आठवत नव्हतं. आम्ही तिच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडीत बसलो. ती मुलगी एसटीनं तीन तास प्रवास करून आली असणार, महिनाभर तिनं तालीम केली असणार. तिला बक्षीस नको होतं. तिला मम्मटाची तिसरी गोष्ट हवी होती, जाणत्याची शिकवण. आम्ही जाणते म्हणून बोलावले गेलो होतो, मानधनही घेतलं होतं. आणि शिकवण सोडून आम्ही सगळं केलं. त्या दिवसानंतर आम्ही परीक्षक म्हणून जाण्याआधी एक अट घालू लागलो : प्रत्येक संघाशी दहा मिनिटं बोलायला मिळालं पाहिजे. बहुतेक आयोजक म्हणाले, वेळापत्रकात बसत नाही. ती आमंत्रणं आम्ही नाकारली. आता फारशी येत नाहीत. (हशा)

वेगळी वाट निघू शकते का? निघते. ठाण्यात 2014 पासून रत्नाकर मतकरींच्या कल्पनेतून ‘वंचितांचा रंगमंच’ उभा राहिला. वस्त्यांमधली मुलं आपल्याच जगण्यातून नाटिका उभ्या करतात, आणि अनुभवी रंगकर्मी त्यांच्यात मिसळून त्यांना वाट दाखवतात. ज्या माणसानं 1962 पासून बालनाट्य केलं, त्यानं पंचाहत्तरीत आल्यावर नाटक कोणाकडे न्यायचं राहिलं, हा प्रश्न विचारला. तिथे दिशा उलटी आहे, हे लक्षात घ्या. मुलांनी जाणत्यांपुढे येऊन उभं राहायचं असं नाही. जाणत्यांनी मुलांकडे जायचं. आणि ‘सुप्त’ म्हणाल, तर त्या मुलांचं जगणं काही झोपलेलं नव्हतं. झोपलेले आपण होतो.

आता शेवटाकडे येतो. आमच्या तीन मागण्या आहेत, आणि तिन्ही स्वस्त आहेत. एक, प्रत्येक कॉलेजनं संध्याकाळी एक खोली तालमीसाठी उघडी ठेवावी. सहा वाजता शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहतो, तिथे ‘वाव’ संपतो. वसतिगृहातल्या मुलींना सातच्या आत परतायचं असतं, तर त्यांची तालीम दुपारी लावा. त्यांना प्रॉम्प्टिंगला बसवून प्रश्न सोडवू नका. दोन, निकालानंतर परीक्षकानं प्रत्येक संघाशी बोललंच पाहिजे. बक्षिसाच्या रकमेतून थोडं कापा आणि एक दिवस वाढवा. तीन, हरलेल्या एकांकिकेचाही दुसरा प्रयोग झाला पाहिजे, गावात, चाळीत, कुठेही. दुरुस्ती करायला दुसरी संधीच नसेल, तर चूक कळून उपयोग काय?

आणि एक कसोटी. कार्यक्रम यशस्वी झाला की नाही, हे बक्षीस घेणाऱ्यांच्या फोटोवरून ठरवू नका. पुढच्या जूनमध्ये तालमीच्या खोलीत जा आणि मोजा : गेल्या वर्षी हरलेल्यांपैकी किती जण परत आले आहेत. ते परत आले असतील, तर पत्रिकेवरचं ते वाक्य खुशाल छापा. नसतील, तर घाणा आपण रिकामाच फिरवला.

त्या मुलीचा प्रश्न अजून आमच्यापाशी आहे. तिला उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच. तुमच्यापैकी कोणी उद्या परीक्षक म्हणून खुर्चीत बसणार असाल, तर कागदावर आकड्याशेजारी एक वाक्य लिहा. ते विचारायला कोणीतरी धावत येणार आहे.