‘फोटो काढला’ : विवाहचित्राचा कर्ता कोण?

विवाहाच्या दिवशी काढलेल्या जोडप्याच्या छायाचित्राविषयी आज जे बोलले व लिहिले जाते, त्यात एक मत जवळजवळ सर्वमान्य झालेले दिसते. कॅमेऱ्यासमोर ताठ उभे राहून काढलेले जुने चित्र कृत्रिम आणि जोडप्याच्या नकळत टिपलेले नवे चित्र अधिक खरे, असे ते मत आहे. व्यवसायातही हा भेद रूढ झाला आहे. लग्नाचे काम ठरविताना ‘ट्रॅडिशनल’ आणि ‘कँडिड’ असे दोन निराळे छायाचित्रकार ठरविले जातात, आणि प्रतिष्ठा दुसऱ्याच्या वाट्याला येते. छायाचित्रकलेच्या अंगाने या मताची परीक्षा पुष्कळ करता येईल. परंतु मराठी भाषकाने या क्रियेसाठी जी क्रियापदे योजिली आहेत, त्यांच्याकडे नीट पाहिले तरी या मताचा पाया वाटतो तितका पक्का नाही, असे दिसून येते.

मराठीत फोटो ‘काढतात’. चित्र काढणे, रांगोळी काढणे यांच्याच पंक्तीला हा प्रयोग बसला आहे. हिंदीत फोटो ‘खींचते’ हैं, गुजरातीत तो ‘पाडतात’. तेव्हा शेजारच्या भाषांहून मराठीची निवड वेगळी आहे एवढे उघड आहे. पण खरी नोंद घेण्याजोगी गोष्ट क्रियापदाच्या अर्थात नसून कर्त्यात आहे. ‘लग्नानंतर आम्ही स्टुडिओत जाऊन फोटो काढला’ हे वाक्य कोणत्याही घरात सहज ऐकू येते, आणि ते उच्चारणाऱ्याने कॅमेऱ्याला हातही लावलेला नसतो. हिंदी भाषक अशा ठिकाणी ‘खिंचवाना’ हे प्रयोजक रूप वापरील. मराठीत ‘काढून घेतला’ असे म्हणण्याची सोय आहे. पण ती न वापरताही वाक्य निर्दोष राहते. फोटोत जो उभा आहे तोच व्याकरणदृष्ट्या फोटोचा कर्ता ठरतो.

यावर एक आक्षेप संभवतो. ‘दिवाळीला नवे कपडे शिवले’, ‘काल केस कापले’, ‘गावी घर बांधले’ या वाक्यांतही शिंपी, न्हावी आणि गवंडी अनुक्त राहतात. मग फोटोचे वैशिष्ट्य ते काय? आक्षेप रास्त आहे, आणि फोटोपुरता काही खास नियम मराठीत आहे असा दावा येथे करावयाचा नाही. तथापि, ज्या कामात करवून घेणाऱ्याची इच्छा, त्याने दिलेले माप आणि त्याची उपस्थिती यांवाचून काम होऊच शकत नाही, तेथे हा प्रयोग निर्धास्तपणे चालतो. जुना विवाहफोटो भाषेने याच वर्गात घातला होता. ‘टिपणे’ या क्रियापदाची गोष्ट मात्र निराळी आहे. पाखरू दाणा टिपते, टीपकागद शाई टिपतो. टिपले जाणाऱ्याच्या इच्छेचा येथे प्रश्नच नसतो. ‘आम्ही लग्नात फोटो टिपला’ असे वधूवर म्हणू शकत नाहीत; म्हटलेच, तर त्यांच्या हातात कॅमेरा होता असा अर्थ होईल. ‘काढणे’ सोडून ‘टिपणे’ हे क्रियापद जेव्हा गौरवाचे झाले, तेव्हा वधूवर कर्त्याच्या जागेवरून उठून कर्माच्या जागी बसले. या बदलाची फारशी दखल कोणी घेतलेली नाही.

आता विधीकडे वळावे. महाराष्ट्रातील ब्राह्मणी वळणाच्या लग्नविधीत वधूवर प्रेक्षकांकडे तोंड करून मुळी उभेच नसतात. मंगलाष्टके चालू असता ते समोरासमोर असतात आणि मध्ये अंतरपाट असतो. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, माळा घातल्या जातात. हे सारे मांडवातल्या लोकांना बाजूने दिसते. होम, पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी यांची दिशा अग्नीशी बांधलेली असते. जोडप्याने शेजारीशेजारी उभे राहून जगाकडे पाहणे ही क्रिया विधीत कोठेही नाही. ती कॅमेऱ्याने आणली, आणि पुढे स्वागत समारंभाने तिला व्यासपीठ दिले. या दृष्टीने समोरून काढलेला फोटो विधीची नक्कल करीत नाही. तो विधीला जोडलेला एक स्वतंत्र उपचार आहे, आणि विवाहाच्या दिवशीच तो व्हावा असेही बंधन नव्हते. लग्नानंतर काही दिवसांनी तेच शालू-उपरणे नेसून-पांघरून स्टुडिओत गेलेली जोडपी थोडी नाहीत, आणि त्या फोटोला ‘लग्नाचा फोटो’ म्हणण्यात कोणालाच संकोच वाटला नाही. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचा विवाह १८४० मध्ये झाला. रॉजर फेंटन याने तिची व आल्बर्टची दरबारी वेषातील छायाचित्रे १८५४ मध्ये काढली, आणि ती आजही विवाहाची म्हणून दाखविली जातात. हा घोटाळा अज्ञानातून होतो हे खरे. पण पोशाख आणि उभे राहण्याची रीत एवढ्यावर पाहणाऱ्याचे समाधान होते, हेही त्यातून कळते.

पिएर बूर्दिय यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रणविषयक ग्रंथात फ्रान्समधील बेआर्न प्रांतातल्या शेतकरी समाजाचा विचार करताना समोरून काढलेल्या चित्राचा संबंध प्रतिष्ठेशी जोडला आहे. समोर पाहणारा मनुष्य आपण कसे दिसावे हे स्वतः ठरवितो. गाफीलपणी पाहिले जाणे त्याला मान्य नसते. बूर्दिय यांचे हे निरीक्षण महाराष्ट्रालाही लागू पडते, पण एका भेदाने. बेआर्नमधला ताठपणा त्यांनी मुख्यतः कुटुंबाच्या व गावाच्या अब्रूच्या अंगाने पाहिला. वधूच्या नजरेचा प्रश्न वेगळा काढला नाही. आपल्याकडे तो वेगळा काढावाच लागतो. विधीत वराला थोडेतरी बोलावे लागते. कन्यादानाच्या वेळी ‘नातिचरामि’ हे वचन त्याच्या तोंडून वदवून घेतात. वधूच्या वाट्याला बोलणे फारसे येत नाही, आणि तिची नजर खाली असावी अशी अपेक्षा परवापरवापर्यंत होती. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या हार्वर्ड व्याख्यानांत उच्चारणे म्हणजेच करणे हा सिद्धांत मांडताना पहिले उदाहरण विवाहातल्या होकाराचे घेतले. मराठी लग्नातून त्यांना ते इतक्या सहजी मिळाले नसते.

अशा परिस्थितीत फोटोग्राफरचे ‘इकडे बघा’ हे वाक्य तपासण्यासारखे आहे. आज्ञार्थाचे हे रूप अनेकवचनी आहे आणि आदरार्थीही आहे. वधू आणि वर या दोघांना ते एकाच वेळी, एकाच वचनात आणि एकाच आदराने लागू होते. दिवसभरात वधूला मान वर करून सरळ पुढे पाहण्याची उघड परवानगी याच वाक्याने मिळत असे. याला जवळची जागा फक्त उखाण्याची आहे. उखाणाही ठराविक साच्याचा असतो, आग्रहाने घ्यायला लावलेला असतो, पुष्कळदा पाठ केलेला असतो. पण म्हणून तो घेणारी स्त्री बोललीच नाही असे कोणी म्हणत नाही. साचा आहे म्हणून अभिव्यक्ती नाही, हा तर्क उखाण्याला लावीत नाहीत. मग तो ताठ उभ्या राहिलेल्या जोडप्यालाच का लावावा?

‘कँडिड’ चित्राची आज्ञा याच्या नेमकी उलट आहे: ‘कॅमेऱ्याकडे बघू नका.’ कधी ‘एकमेकांकडे बघा’, कधी ‘खिडकीकडे बघा’. सूचना येथेही आहेच. फक्त ती निषेधाची आहे, आणि आपण सूचना पाळीत आहोत हे न दिसू देण्याची जबाबदारी पुन्हा जोडप्यावर आहे. या पद्धतीचा उगमही पाहण्याजोगा आहे. एरिक सालोमन यांनी १९२८ च्या सुमारास लहान, वेगवान भिंगाचा एर्मानॉक्स कॅमेरा लपवून न्यायालयांत आणि राजकीय परिषदांत छायाचित्रे घेतली. तेथे समोरची माणसे सत्ताधारी किंवा आरोपी होती, आणि त्यांना गाफील गाठण्यात काही सार्वजनिक अर्थ होता. नवरीला गाफील गाठण्यात तो कोणता, याचे उत्तर या शैलीच्या पुरस्कर्त्यांनी दिल्याचे दिसत नाही.

अर्थात जुन्या चित्राची बाजू घेताना एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. बालविवाह प्रतिबंधक अधिनियम १९२९ चा. त्या आधीच्या, आणि खरे पाहता त्या नंतरच्याही कित्येक जोडफोटोंत उभी असलेली वधू हे मूल आहे. तेथे ‘फोटो काढला’ या वाक्याचा खरा कर्ता चौकटीबाहेर उभे असलेले वडीलधारे होते. मराठी वाक्यरचना कर्त्याच्या जागी कोणालाही सामावून घेते. ती न्याय करीलच असे नाही.

दुसरी मर्यादा पुराव्याची, आणि येथे नव्या शैलीचे पारडे जड होते. समोरून काढलेला फोटो विवाह ‘झाला आहे’ एवढेच सांगतो. तो पूर्ण काळातला आहे. विधी चालू असताना घेतलेला फोटो ‘होत आहे’ असे सांगतो. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे, ज्या विधींत सप्तपदीचा समावेश आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने आवश्यक विधी प्रत्यक्ष झाले होते काय, हाच प्रश्न निर्णायक मानला. कायद्याला क्रिया हवी असते. शेजारीशेजारी उभ्या असलेल्या जोडप्याचा फोटो कितीही देखणा असला तरी तो येथे फारसा बोलत नाही. एका स्थिरचित्रावरून सातवे पाऊल पाचव्यापासून वेगळे ओळखणेही तसे कठीणच. पण तांदळाच्या सात राशी मांडून त्यांवरून वधूला चालविण्याची आपल्याकडची रीत येथे उपयोगी पडते, कारण राशी मोजता येतात. १२० च्या रोलवर बारा चौरस चित्रे मिळत असत, तेव्हा प्रत्येक पावलाला एक चित्र खर्ची घालणे परवडणारे नव्हते. जी काय दोन-तीन भरवशाची चित्रे घ्यायची, ती जोडप्याची व घरच्या मंडळींची घेतली जात. ३५ मिलिमीटरच्या रोलने ती संख्या छत्तीसवर नेली, आणि अंकीय कॅमेऱ्याने ती मर्यादाच काढून टाकली.

तेव्हा एक शैली खरी आणि दुसरी खोटी, ही विभागणी टिकत नाही. एक चित्र अवस्थेचे विधान करते, दुसरे क्रियेची नोंद करते; आणि पहिल्यात वधूला जी कर्त्याची जागा अपुरी का होईना मिळत होती, ती दुसऱ्यात मिळत नाही. हजारो चित्रांतून अल्बमसाठी निवड होताना, कँडिड चित्रात जेथे वधूची नजर चुकून भिंगाकडे गेली असेल ते चित्र सहसा बाद होते.

या विषयाचे साधन घरोघरी पडून आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला ते सहज गोळा करता येईल. काळ्या कागदाच्या अल्बममधले फोटो कोपऱ्यांतून सोडवून पाहिल्यास पाठीमागे स्टुडिओचा शिक्का आणि पुष्कळदा हाताने लिहिलेला मजकूर सापडतो. तो उतरवून घ्यावा. त्याबरोबर त्या घरातली वयस्क स्त्री त्या फोटोची हकीकत सांगताना कोणते क्रियापद वापरते, त्याचा कर्ता कोण ठेवते, आणि तिची नात आपल्या लग्नाच्या फोटोविषयी तेच कसे सांगते, हे जसेच्या तसे टिपून ठेवावे. वाक्य मध्येच दुरुस्त केले गेले, तर ती दुरुस्तीही लिहून घ्यावी.