हॉटेलविषयक संशोधन : खोली आणि खोली आवरणारी व्यक्ती

हॉटेल हा अभ्यासविषय विद्यापीठीय संशोधनात वास्तुरचना, व्यवस्थापन आणि माहिती प्रणाली अशा तीन दालनांत विभागला गेला आहे. प्रत्येक दालनाची नियतकालिके निराळी, परिभाषा निराळी; विचाराचा केंद्रबिंदू मात्र एकच, तो म्हणजे खोली. प्रस्तुत लेखात या तिन्ही प्रवाहांतील काही प्रमुख लेखनाचा परामर्श घेतला असून, ही खोली दररोज पुन्हा राहण्याजोगी करणारी व्यक्ती त्यात कोठे आढळते, एवढाच प्रश्न उपस्थित केला आहे.

जॉन पोर्टमन यांचे अटलांटा येथील हयात रीजन्सी हॉटेल १९६७ साली उघडले. २२ मजली उंचीचा बंदिस्त चौक, त्याभोवती सज्जे आणि डोळ्यांदेखत वर-खाली जाणाऱ्या काचेच्या लिफ्ट, या रचनेचे अनुकरण पुढे अनेक देशांत झाले. पोर्टमन यांच्याच लॉस एंजेलिसमधील बोनाव्हेंचर हॉटेलवर फ्रेडरिक जेम्सन यांनी १९८४ मध्ये केलेली टीका प्रसिद्ध आहे. त्या वास्तूत आपण नेमके कोठे आहोत हे माणसाला उमगत नाही आणि म्हणून पुढे तेथे रंगांच्या दिशादर्शक खुणा कराव्या लागल्या, हे जेम्सन यांचे निरीक्षण मार्मिक आहे. तथापि स्थापत्यकार आणि त्याचा टीकाकार हे दोघेही पाहुण्याच्याच वाटेने आत शिरतात. सेवकांची लिफ्ट, चादरी-टॉवेलांचे कोठार, भरलेली ढकलगाडी वळू शकेल एवढा बोळ, ही वास्तूची दुसरी बाजू या चर्चेबाहेरच राहते.

व्यवस्थापनशास्त्राने हे दालन उघडले होते, हे मान्य केले पाहिजे. मेरी जो बिटनर यांच्या १९९२ च्या निबंधात सेवास्थळाच्या भौतिक परिसराचा परिणाम ग्राहक आणि कर्मचारी अशा दोघांवरही होतो, अशी मांडणी आहे. निबंधाच्या शीर्षकातच दोघांचा उल्लेख आहे. नंतरच्या संशोधनाने त्यातील ग्राहक उचलला आणि कर्मचारी बहुतांशी मागे ठेवला. याचे एक कारण हाताशी असलेल्या साधनात असावे. पारसुरामन, झाइथॅमल आणि बेरी यांची ‘सर्व्हक्वाल’ ही मोजपट्टी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. २२ विधाने आणि पाच परिमाणे असलेली ही पट्टी बँका, क्रेडिट कार्ड, उपकरणदुरुस्ती, दूरध्वनी अशा सेवांच्या आधारे घडविली गेली. हॉटेल त्यात नव्हते. तरीही हॉटेलविषयक असंख्य प्रबंधांचा, आपल्याकडील प्रबंधांचाही, ती आधार झाली. (प्रश्नावली तयार मिळाली की प्रश्न शोधण्याचे कष्ट वाचतात, ही संशोधन-मार्गदर्शकांच्या परिचयाची गोष्ट आहे.) या पट्टीतील ‘मूर्त घटक’ हे परिमाण विशेष पाहण्यासारखे आहे. उपकरणे आधुनिक आहेत काय, इमारत देखणी आहे काय, यांच्याच पंक्तीत कर्मचाऱ्यांचा पोशाख नीटनेटका आहे काय, हे विचारले जाते. तत्परता, सौजन्य इत्यादी अन्य परिमाणांत कर्मचारी येतो, पण तो पाहुण्यासमोर उभा असलेला. खोली आवरणारी स्त्री मात्र पाहुणा बाहेर गेल्यावर आत येते. तिचे काम जितके चोख, तितकी ती या मोजमापात अदृश्य.

महसूल व्यवस्थापनाची गोष्ट याहून वेगळी नाही. विमानातील आसनांसाठी केनेथ लिटलवुड यांनी १९७२ मध्ये मांडलेला विचार विकसित होत हॉटेलांपर्यंत आला आणि शेरिल काइम्स यांच्या १९८९ च्या लेखाने तो हॉटेल-अभ्यासकांत रुजला. न विकली गेलेली खोली ही त्या रात्रीपुरती कायमची गेली, म्हणून ती नाशवंत माल. तर्क निर्दोष आहे. परंतु १०० खोल्या भरलेल्या असताना २० पाहुणे निघून जाणे आणि ८० निघून जाणे, यांत विक्रीच्या दृष्टीने फरक नसला तरी कामाच्या दृष्टीने फार मोठा आहे. मुक्काम चालू असलेल्या खोलीपेक्षा रिकामी झालेली खोली आवरण्यास कितीतरी अधिक वेळ लागतो. दराच्या गणितात हे श्रम प्रतिखोली खर्चाचा एक स्थिर आकडा बनून येतात. माहिती प्रणालीत तर खोली हा केवळ एक दर्जा आहे : व्याप्त, रिकामी-अस्वच्छ, रिकामी-स्वच्छ. दुसऱ्या दर्जातून तिसऱ्यात जाण्यास पडद्यावर एक कळ पुरते.

या कळीमागे काय घडते, हे कळण्यासाठी आरोग्यविषयक नियतकालिकांकडे वळावे लागते. सुझन बुकॅनन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील पाच कंपन्यांच्या ५० हॉटेलांतील दुखापतींच्या नोंदी तपासल्या. दर १०० कामगार-वर्षांमागे दुखापतींचे सर्वसाधारण प्रमाण ५.२ होते, खोल्या आवरणाऱ्यांत ते ७.९ आणि त्यांतील हिस्पॅनिक स्त्रियांत १०.६ आढळले. जड गादीची कड उचलून चादर खोचणे, वाकून टब घासणे, भरलेली गाडी गालिच्यावरून ढकलणे, या हालचाली दिवसभर चालतात. गादीची जाडी ठरविणारा, दर ठरविणारा आणि खोल्यांचा क्रम ठरविणारा, असे तिघेही या आकड्यांचे भागीदार आहेत. पण हा अभ्यास त्यांच्या वाचनात येण्याचा संभव कमीच.

याच कामगारांवरील अधिक गाजलेला अभ्यास आलिया क्रम आणि एलेन लँगर यांचा, २००७ चा. सात हॉटेलांतील ८४ स्त्रियांपैकी काहींना ‘तुमचे काम हाच उत्तम व्यायाम आहे’ असे सांगण्यात आले आणि चार आठवड्यांनी त्यांचे वजन व रक्तदाब घटल्याचे नोंदविले गेले. मनोधारणेच्या अभ्यासात या प्रयोगाचे स्थान मोठे असेल. हॉटेलच्या अभ्यासकाने मात्र तो सावधपणे वाचावा. कारण त्यात बदलली ती कामाविषयीची समजूत, खोल्यांची संख्या नव्हे.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१८ पासून हॉटेलांतील खोल्या आवरणाऱ्यांच्या स्नायू व सांध्यांच्या दुखापती टाळण्यासाठी स्वतंत्र नियम लागू झाला. मालकाने कामाच्या जागेची पाहणी करावी आणि त्या पाहणीत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना सामील करून घ्यावे, असे त्यात बंधन आहे. गादीची उंची, गाडीचे वजन, खोल्यांची वाटणी, घासण्याच्या साधनाच्या दांड्याची लांबी, असे रचना, व्यवस्थापन आणि नियोजनाचे प्रश्न अशा पाहणीत एकाच वेळी समोर येतात. हॉटेल-व्यवस्थापनाच्या प्रबंधाला तयार प्रश्नावलीऐवजी अशा पाहणीपासून आरंभ करता येईल. त्यासाठी संशोधकाला सेवकांच्या लिफ्टने वर जावे लागेल.