गाव फडावर गेलं, अभ्यास गावातच राहिला

समाज कसा बदलतो हे बघायला मानववंशशास्त्रज्ञ त्याच गावात पुन्हा पुन्हा जातात. यान ब्रेमन १९६२ पासून दक्षिण गुजरातच्या गावांत असेच जात राहिले. पद्धत चांगलीच, पण बीडमध्ये ती आपल्याला फसवू शकते. दसरा-दिवाळीनंतर इथली कितीतरी गावं ऊसतोडीला निघतात, मागे म्हातारी माणसं उरतात. तेव्हा गेलो तर आपण लिहिणार, ‘एकत्र कुटुंब मोडलं’. पावसाळ्यात गेलो तर लिहिणार, ‘टिकून आहे’. दोन्ही अर्धंच खरं.

आम्हाला बदल दिसतो तो एका शब्दात. तोडणीच्या हिशेबात ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती या जोडीला. म्हणजे लग्न झालं की मजुरीचा एकक तयार. असं असताना मुलींची लग्नं लवकर का होतात, याला आपण ‘परंपरा’ म्हणून मोकळे होतो! त्यात कारखान्याचा हंगामही आहे, हे आपण बघतच नाही.

ब्रेमन मजुरांमागे बारडोलीच्या फडापर्यंत गेले. बीडचा अभ्यासही आपण फडावरच्या कोपीपर्यंत न्यायला हवा, आणि उचल फिटेपर्यंत तिथं थांबायला हवं.