झेनास क्रेन : चरित्र आणि चिंध्या

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत डाल्टन येथें कागदाचा कारखाना काढणाऱ्या झेनास क्रेनचें (१७७७–१८४५) जे. ई. ए. स्मिथकृत चरित्र नांवापासूनच त्याचें जीवन, कार्य व प्रभाव यांचा घोष करतें. कुलवृत्त भारदस्त खरें : नातू विंथ्रॉप मरे क्रेन यानें १८७९ सालीं सरकारी नोटांच्या कागदाचा मक्ता मिळविला, पुढें तो राज्याचा गव्हर्नर झाला. तथापि आमच्या मतें या घराण्याचें मूळ साधन म्हणजे १८०१ ची जाहिरात होय. कारखाना उभा राहण्यापूर्वींच क्रेन व त्याच्या भागीदारांनीं तींत स्त्रियांना चिंध्या राखून ठेवण्याची विनंती केली. चिंध्यांवांचून तेव्हां कागद नव्हता. कागदावांचून हें घराणें नाहीं. चरित्रनायकाशेजारीं त्या अनाम गृहिणींनाही स्थान हवें. दप्तराचा रुमाल सोडतांना चिटोरें क्षुल्लक म्हणून टाकणाऱ्या संग्राहकांनीं हें ध्यानीं ठेवावें.